काही रॉक बँड पन्नास वर्षं कशामुळे टिकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला कॉलेजातल्या चौघांचा बँड आहे, दोन गिटार, बेस आणि ड्रम. काही रॉक बँड पन्नास वर्षांनंतरही ऐकले जातात आणि त्यांच्याच काळातले शेकडो कुणाला आठवत नाहीत. हे प्रतिभेमुळे, नशिबामुळे की मार्केटिंगमुळे? आणि शेवटी विचारलंय की गाणी इंग्रजीत करावीत की मराठीत.

आधी प्रसिद्धी आणि प्रभाव वेगळे करू. किती लोकांनी ऐकलं ती प्रसिद्धी. ऐकून किती जणांनी स्वतः वाद्य हातात घेतलं तो प्रभाव. प्रसिद्धीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवले तेव्हा अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोक बघत होते. असा योग कुणी ठरवून आणू शकत नाही. प्रभावाचं मात्र बरंचसं आपल्या हातात असतं, आणि माझं ठाम मत आहे की जे दुसऱ्याला सहज वाजवता येतं, गुणगुणता येतं, तेच टिकतं. पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड चारशे वर्षांनंतरही गावोगाव होतं, कारण ते म्हणायला गवयाचा गळा लागत नाही. पालुपद एकदा कानावर पडलं की अख्खी पंगत ते उचलते.

रॉकमध्ये पालुपदाचं हे काम रिफ करते, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ घ्या. जगात गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात ती वाजवतो. सरगमात लिहायची तर ग कोमल धरा: सा ग म, सा ग तीव्र म म, सा ग म, ग सा. एकूण बारा सूर. गिटारवर चौथी आणि तिसरी तार एकदम छेडायची, पडदे ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५, ३-० (० म्हणजे मोकळी तार). बोटभर अंतरात सगळं बसतं. नवशिके एक चूक हमखास करतात: पॉवर कॉर्ड (सा आणि प एकत्र) धरून पिकने वाजवतात, मग आवाज जाड होतो आणि रिफचा चावा जातो. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी उचलतो, त्यामुळे दोन सूर एकाच ठोक्यात येतात. व्हाइट स्ट्राइप्सच्या 'सेव्हन नेशन आर्मी'त (२००३) तर सातच सूर आहेत: सा सा ग सा नि ध प, ग-नि-ध तिन्ही कोमल. फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक शब्दांशिवाय ते गातात, आणि त्यातल्या कित्येकांना बँडचं नावही माहीत नसतं. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं तीन सुरांवर उभं आहे: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. हेवी मेटल नावाचा अख्खा प्रकार तिथून सुरू झाला असं मानतात.

म्हणून तुमच्या रिफची एक परीक्षा सांगतो. गिटार न येणाऱ्या मित्राला ती तीनदा ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी अचानक विचारा. तोंडाने म्हणून दाखवली तर ठेवा. अडखळला तर सूर कमी करा, वेग नाही. अवघड असलं की टिकत नाही असंही नाही. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत आहे, आपल्या रूपकाइतक्याच, पण त्यातली बेसची ओळ कुणीही गुणगुणू शकतो. गंमत म्हणजे गिटारचा सोलो आला की तेच गाणं चार मात्रांत येतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. दोन सेकंदांत ओळखू येईल असा स्वतःचा आवाज बहुतेक वेळा अडचणीतून घडतो. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं वयाच्या सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणाऱ्या हाताचीच बोटं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या अल्बमात गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल, आवाज काळा आणि जड. आज जगभरचे मेटल बँड दहाही बोटं शाबूत असताना गिटार उतरवून वाजवतात.

तुमच्याकडे दोन गिटार आहेत म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. कॉलेजच्या बँडमध्ये दोघेही प्रोसेसरवरचा एकच 'मेटल' प्रीसेट लावतात, गेन (आवाज फाडणारं बटण) नऊवर. घरी एकट्याला भारी वाटतं, हॉलमध्ये मात्र नुसता चिखल ऐकू येतो. कारण गेन वाढवला की आवाज दाबला जातो, छेडल्याचा ठोका पुसला जातो आणि दोन्ही गिटार साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर बसतात. बेसही तिथेच घुसमटतो. एसी/डीसीचा माल्कम यंग आयुष्यभर जाड तारांवर, कमी गेनवर वाजवत राहिला. त्यांच्या गाण्यांची ताकद त्याच्या त्या कोरड्या हातात आहे, भाऊ अँगस चमकतो तो त्या पायावर. एका गिटारचा गेन निम्म्यावर आणा, दुसरी वरच्या सप्तकात न्या, आणि सहा महिने सेटिंग बदलू नका. आवाजाची ओळख पक्की व्हायला एवढा वेळ लागतोच.

आता श्रोत्यांबद्दल. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळी 'उदो' म्हणतो आणि समोरचे 'उदो उदो' देतात, तेव्हा ऐकणारे कार्यक्रमाचा भाग झालेले असतात. क्वीन या बँडने १९७७ मध्ये हेच जाणीवपूर्वक केलं. 'वी विल रॉक यू'मध्ये ड्रमसेट नाही. दोनदा पाय आपटायचा, एक टाळी, मग एक रिकामी जागा. ही रिकामी जागाच महत्त्वाची, कारण गर्दी तिथे श्वास घेते आणि पुन्हा एकत्र पडते. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जुन्या चर्चच्या इमारतीत, त्यांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते बऱ्याच वेळा एकावर एक रेकॉर्ड केलं आणि प्रत्येक प्रत किंचित उशिरा ठेवली, म्हणून पाच-दहा माणसांची हजार माणसं झाली. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच, हे ठाऊक असेलच.) तुमच्या प्रत्येक गाण्यात श्रोत्यांना देण्यासारखी एक जागा हवी, आणि ती वाद्य न येणाऱ्या माणसालाही जमायला हवी.

रेकॉर्डिंगची घाई करू नका. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली. हे जमलं, कारण त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र उभं राहून त्यांचा हात बसला होता. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा अल्बम तर त्यांनी १९७२ भर स्टेजवर वाजवून घासला. नवं गाणं किमान आठ-दहा वेळा लोकांपुढे वाजवा: गॅदरिंग, युवक महोत्सव, गणेश मंडळ, जिथे मिळेल तिथे. लोक मोबाइल कुठल्या कडव्यात बाहेर काढतात ते बघा. ते कडवं छाटायचं.

पण रेकॉर्ड कराच, कारण प्रभाव पुष्कळदा उशिरा येतो. कोलकात्याच्या 'मोहिनेर घोडागुली' या बंगाली बँडने १९७५ ला सुरुवात केली, १९७७ ते १९७९ मध्ये तीन लहान रेकॉर्ड काढल्या आणि १९८१ ला सगळे पांगले. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. १९९५ मध्ये गौतम चट्टोपाध्यायांनी नव्या मुलांना घेऊन एक संकलन काढलं आणि पुढच्या पिढीच्या बंगाली बँडांना ते सापडले. त्या तीन रेकॉर्ड नसत्या तर सापडायला काहीच नसतं. मँचेस्टरला ४ जून १९७६ च्या सेक्स पिस्टल्सच्या कार्यक्रमाला मोजकीच माणसं होती, पण त्यातूनच पुढे जॉय डिव्हिजन हा बँड निघाला. त्यांच्या पीटर हूकने तो कार्यक्रम बघून लगेच बेस विकत घेतला. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर मन लावूनच वाजवा, समोर कोण बसलंय ते माहीत नसतं.

स्टुडिओचे पैसे नसतील तर ड्रमसाठी जागा शोधा. लेड झेपलिनने १९७१ मध्ये हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रमसेट जिन्याच्या हॉलमध्ये ठेवला, वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले आणि आवाज कॉम्प्रेस केला, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी केला. ते ठोके पुढे हिप-हॉपवाल्यांनी असंख्य वेळा उचलले. आपल्याकडे दगडी वाडे आहेत, शाळांचे उंच जिने आहेत. करून बघा, फक्त लय संथ ठेवा. मिनिटाला ७० ठोके असतील तर दोन ठोक्यांत जवळजवळ ०.८६ सेकंदाचं अंतर राहतं, घुमारा तेवढ्यात मावतो. १४० च्या वेगाला ते ०.४३ वर येतं, मागचा घुमारा पुढच्या ठोक्यावर चढतो आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐकूच येत नाही. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, प्रत्येक वाद्य वेगळं. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. नुसती एमपीथ्री जपणाऱ्यांना दहा वर्षांनी नवं मिक्स करता येत नाही.

बँड फुटतात ते मुख्यतः पैसा आणि श्रेय यांवरून. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलमध्ये जवळजवळ सगळी गाणी जॉन फोगर्टी एकटा करायचा. भाऊ टॉम १९७१ ला निघून गेला, १९७२ ला बँड संपला, आणि १९९३ च्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सन्मान सोहळ्यातही जॉन जुन्या साथीदारांबरोबर वाजवला नाही. गाणी राहिली, पण नवं काम थांबलं. आरईएम या बँडने उलट केलं: गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर. १९८० ते २०११ टिकले. तुम्ही गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, तारीख आणि चौघांच्या सह्या करा. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार कॉपीराइट नोंदणीशिवायही निर्माण होतो आणि शब्द-चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे हा कागद तुमच्या नातवंडांपर्यंत उपयोगी आहे. त्यातच बँडचं नाव कुणाचं हेही लिहा. बेसवादक रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यावर पिंक फ्लॉइडच्या नावावरून वकिलांपर्यंत प्रकरण गेलं, ते १९८७ च्या अखेरीस मिटलं.

लोगो, कपडे, फोटो यांवर फार लिहीत नाही. रोलिंग स्टोन्सच्या लोगोतली जीभ जॉन पाश या विद्यार्थ्याने ५० पौंडांत काढली होती. एकच खूण घ्या आणि बदलू नका, एवढं पुरे.

भाषेबद्दल माझा कौल मराठीला. इंडियन ओशनचं 'कंदिसा' (२०००) सिरियाक भाषेतल्या जुन्या प्रार्थनेवर आहे, ती भाषा ऐकणाऱ्यांपैकी जवळपास कुणालाच येत नव्हती, तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तेव्हा 'मराठी कोण ऐकणार' ही भीती सोडा. खरी अडचण वेगळी आहे. इंग्रजी रॉकच्या चालीत ठोक्यावर आघाताचं अक्षर येतं. त्या चालीवर मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ठोक्यावर पडतं आणि ताणलं जातं: 'कधी'चं 'काधी' होतं, 'मला'चं 'माला'. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाणं भाषांतरासारखं वाटतं. म्हणून आधी ओळ नुसती बोला, टाळी देत, चालीशिवाय. टाळी दीर्घ अक्षरावर पडली पाहिजे: क'धी', म'ला', 'पा'ऊस. पडत नसेल तर शब्द न मोडता ओळ अर्धी मात्रा उशिरा सुरू करा. बहुतेक ओळी तेवढ्यानेच बसतात, उरलेल्या एक-दोन पुन्हा लिहाव्या लागतात.