डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा जाताय? थीमवाली रेस्टॉरंट दोनच घ्या

अहो, पहिल्याच ट्रिपला रोज एका थीम रेस्टॉरंटमधे जेवायचा बेत आहे? इतकं नका करू. एकेका जेवणात तास-दीड तास सहज जातो, मग राईड्स कधी करणार! पहिल्या ट्रिपला दोन पुरे.

निवडताना आधी बघा की तुमच्या घरच्यांना नक्की काय आवडेल. साय-फाय डाईन-इनमधे जुन्या गाडीच्या आकाराच्या सीटवर बसून मोठ्या पडद्यावर जुन्या सिनेमांचे तुकडे बघत जेवायचं, भारी वाटतं, पण सगळ्यांची तोंडं पडद्याकडे आणि एकामागे एक बसायचं, त्यामुळे गप्पा मारायच्या असतील तर सोडून द्या. फिफ्टीज प्राईम टाईम कॅफेत वेटर घरच्या मावशीसारखे दटावतात, कोपर काढ टेबलावरून, भाजी संपव वगैरे, लाजरा माणूस वैतागेल हां. मला विचाराल तर एप्कॉटचं (डिस्ने वर्ल्डमधलाच एक पार्क) सॅन एंजल इन घ्या, मेक्सिको पॅव्हेलियनच्या, म्हणजे मेक्सिकोच्या थीमच्या इमारतीच्या आत आहे, भर दुपारी पण तिथे रात्रच असते आणि बाजूने राईडच्या बोटी जातात, फ्लोरिडाच्या उन्हातून आत गेलं की बरं वाटतं.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, लोक तिथे पोचल्यावर शोधत बसतात
- पार्कच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर पार्कचं तिकीटही लागतं, नुसतं जेवायला सोडत नाहीत
- फोटो बघून बुक करतात, मेन्यू बघतच नाहीत. स्पेस 220 या अंतराळाच्या थीमच्या रेस्टॉरंटच्या नकली खिडकीतून पृथ्वी दिसते खरी, पण तिथे माणशी ठरलेल्या किमतीचं जेवण आहे, कमी खाणाऱ्याला महागच पडतं

डायनिंग प्लॅनचं (आधीच पैसे भरून घ्यायचं जेवणाचं पॅकेज) गणित आत्ता डोक्यात घेऊच नका, आधी तारखा पक्क्या करा.