वॉरंटीत एकच भाग वारंवार बिघडत असेल, तर कारकंपनीकडे तक्रार कशी करावी?

गाडीचा एसी कॉम्प्रेसर वॉरंटीत पुन्हा पुन्हा बदलूनही बिघडतो, असे आपण लिहिले आहे. अशा प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जॉबकार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम यांची नोंद करते तो कागद. त्यावर ‘जनरल चेकअप’ असे मोघम लिहू न देता बिघाडाचे नेमके लक्षण, किलोमीटरचा आकडा आणि बदललेला भाग यांची नोंद करून घ्यावी, कारण तोच दोष परत उद्भवतो हे पुढे त्यावरूनच सिद्ध करता येते.

त्यानंतर डीलरशी वाद घालत न बसता कंपनीच्या मुख्य कार्यालयाला चासी क्रमांकासह लेखी तक्रार पाठवावी आणि बिघाडाचे मूळ कारण शोधून ते लेखी कळवावे, अशी स्पष्ट मागणी करावी. माझ्या मते हीच मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. दोष कूलिंग फॅनमध्ये किंवा गॅसच्या गळतीत असेल, तर नवा कॉम्प्रेसरही टिकणार नाही आणि वॉरंटी मात्र संपून जाईल.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन कंपनीशी समेट घडवण्याचा प्रयत्न करते, आदेश मात्र देऊ शकत नाही. आदेश हवा असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. जिल्हा आयोगाकडील तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, त्यासाठी वकील सक्तीचा नाही, आणि दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो.