ट्रंकेतली शंभर स्रांगची नोट

प्रश्न : माझे वडील सैन्यात होते. १९५९-६०च्या सुमारास त्यांची नेमणूक नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) होती. त्यांच्या ट्रंकेत एक लालसर-पिवळी मोठी नोट सापडली. दर्शनी बाजूला दोन सिंह, मागे झाडाखाली बसलेला म्हातारा. ही तिबेटी नोट आहे का? खरी आहे का? किंमत किती येईल? लॅमिनेट करून ठेवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. लॅमिनेशन अजिबात करू नका! एकदा प्लास्टिक चिकटलं की ते कागदासकटच निघतं. इस्त्री नको, सेलोटेप नको, पाण्याचा बोळा तर नकोच. पॉलिएस्टरच्या पाकिटात, उजेडापासून लांब ठेवा.

वर्णनावरून ही शंभर स्रांगची नोट दिसते. स्रांग हे तिबेटचं जुनं चलन. ल्हासातल्या तिबेट सरकारने ती चलनात आणली होती. तिच्यावर साल नसतं, त्यामुळे ते शोधत बसू नका. आता नोट खिडकीपाशी धरा. हा हातकागद थरांचा असतो आणि खऱ्या नोटेत दोन थरांच्या मध्ये तिबेटी अक्षरांची एक ओळ छापलेली असते. उजेड आरपार आला की ती दिसते. मग क्रमांक भिंगाखाली पाहा. तो छापलेला नाही, लेखनिकाने हाताने लिहिलेला आहे. या कामाला वळणदार अक्षराचे खास लेखनिक होते, त्यांना 'एपा' म्हणत. नकलाकाराला ते वळण सहजी साधू नये, हा हेतू. सोबत दलाई लामांचा लाल शिक्का आणि टांकसाळीचा काळा शिक्का. एवढं जुळलं तर निर्धास्त राहा.

पैशाच्या दृष्टीने ही तिबेटची सर्वांत सहज मिळणारी नोट. फार मोठ्या रकमेची आशा धरू नका. मला स्वतःला मात्र ती फार मोलाची वाटते. १९१२मध्ये चिनी फौज ल्हासातून हटवली गेली आणि तेराव्या दलाई लामांच्या सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या. तंका या नाण्याच्या हिशेबातल्या त्या पहिल्या नोटा लाकडी ठशांनी छापल्या आणि त्यांवर तिबेटी संवत १६५८ घातला. स्वतःचं सरकार, स्वतःचा संवत, स्वतःचं चलन! १९५९मध्ये हे चलन रद्द झालं आणि चिनी युआन आला. त्याच वर्षी मार्चअखेर चौदावे दलाई लामा तवांगच्या वाटेने भारतात आले, मागोमाग हजारो निर्वासित. तुमच्या वडिलांची नेमणूक नेमकी त्याच मुलखात होती. त्यांची पत्रं, फोटो, सर्व्हिस बुक असेल तर ठाणं आणि तारखा शोधा आणि एका चिठ्ठीवर लिहून पाकिटाशेजारी ठेवा. विक्रेत्याकडून घेतलेल्या नोटेला असा इतिहास मिळत नाही.

संग्रह वाढवायचा असेल तर दहा आणि पंचवीस स्रांगपासून सुरुवात करा. पन्नास तंकाची १९२६ ते १९४१ची रंगीत नोट देखणी असते, पण तिथे बनावटींपासून जपा. विक्रेता नोट पाकिटातून काढून उजेडात पाहू देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.