उंचीच्या पावडरीबद्दल, आणि मग बास्केटबॉलबद्दल

भुसावळ

पोरी,

तुझी आई परवा बाजारात भेटली. वांग्यांचा भाव करता करता मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, पोरगी बुटकी राह्यली. उंचीची काही पावडर-बिवडर हाये का?" मी हसले नाही. तू बास्केटबॉलच्या विभागीय निवडीत गळालीस, दोन दिवस धड जेवली नाहीस आणि आता रोज सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळतेस, हेही तिनंच सांगितलं. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करतेस.

पावडरीचं आधी उरकते. घेऊ नकोस, पैसे पाण्यात जातील. तू सतरा पूर्ण केलीस, वाढायचं ते बहुतेक वाढून झालं. पाच फूट एक तर पाच फूट एक. लोंबकळायचंच असेल तर ग्राउंडवरच्या बारला लोंबकळ, खांद्यांना चांगलं. चौकट बापाच्या कष्टाची आहे.

आता माझं एक पाप सांगते. नोकरीतली पंधराएक वर्षं मी मुली भिंतीवर निवडल्या. खडूनं रेघ मारायची, मुलींना रांगेनं उभं करायचं. डोकं रेघेच्या वर गेलं की बास्केटबॉल, खाली राहिलं की खो-खो. (खो-खोला मी कमी लेखत नाही, पुढे त्याच्यावर येणारच आहे.) एक मुलगी होती, जवळजवळ तुझ्याच उंचीची. तिचा पास कुठून निघाला हे समोरच्याला चेंडू जाऊन पोचल्यावर कळायचं. मी तिला खो-खोला पाठवलं. तिथे ती चांगली खेळली, म्हणून मला कधी चुकल्यासारखं वाटलंच नाही.

ते वाटलं 8 ऑगस्ट 2021 ला, रविवारी सकाळी. आदल्या संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्यात सुवर्ण जिंकलेलं, गल्लीत पेढे वाटून झालेले. मी मोबाईल डब्याला टेकवून टोकियो ऑलिम्पिकमधली महिला बास्केटबॉलची फायनल बघत होते. अमेरिका आणि जपान. अमेरिकेची ब्रिटनी ग्रायनर दोन मीटरच्याही वर, आणि जपानची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ मांडणारी, रुई माचिदा 162 सेंटिमीटर. म्हणजे तुझ्याहून तीन इंच जास्त, फक्त तीन. जपान 90–75 हरलं. पण रौप्य घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बारा जणींकडे बघताना मला माझी खडूची रेघ आठवली आणि चहा गिळवेना.

आता तुला वाटेल, मॅडम सांगणार की जिद्द मोठी असली की उंची लागत नाही. लागते. बास्केटबॉलमध्ये उंची लागतेच, रिंग 3.05 मीटरवर आहे, ती कुणासाठी खाली येत नाही. जपानच्या लोकांनी हे नाकारलं नाही, म्हणूनच तर मला ते आवडले. आपण उंच होणार नाही हे त्यांनी एकदाचं मान्य केलं आणि मग सगळा खेळ त्या हिशेबानं मांडला.

हिशेब बघ, तुझं गणित बरं आहे. रिंगजवळून दहा वेळा मारले आणि पाच पडले, तर गुण दहा. थ्रीच्या रेषेबाहेरून, जिथून पडला की दोनाऐवजी तीन गुण, दहा मारले आणि चारच पडले, तरी बारा. कमी पडून जास्त गुण. शिवाय रिंगजवळ तुझ्या डोक्यावर हात धरून उंच मुलगी उभी असते, बाहेर ती नसते. नसते म्हणजे तिला यावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. जपानची कर्णधार माकी ताकादा सेंटर खेळायची. समोरच्या सेंटर तिच्याहून थोराड. सेंटरनं रिंगखाली ठाण मांडायचं, असं आम्ही शिकलो आणि शिकवलं. ताकादा मात्र बाहेर येऊन थ्री मारायची. मग तिला धरायला समोरची सेंटरही बाहेर. रिंगखाली ती बाई भिंत असते, 6.75 मीटरवर आली की नुसती एक उंच मुलगी, आणि तिला आता पळावं लागतं. मागे मोकळी झालेली जागा माचिदासारखीला लागते तरी किती? फ्रान्सविरुद्धच्या सेमीफायनलला माचिदानं एकटीनं 18 असिस्ट दिले, म्हणजे ज्यावरून दुसरीनं लगेच बास्केट केली असे पास. ऑलिम्पिकचा विक्रम आहे तो. जपान 87–71 जिंकलं.

त्याआधीची क्वार्टरफायनल तर मी अजून अधूनमधून बघते. बेल्जियम दोन गुणांनी पुढे, शेवटची काही सेकंदं राहिलेली. साकी हायाशीनं थ्री मारला. 86–85. अशा वेळी दोन गुणांचा सोपा शॉट शोधून बरोबरी साधावी, असं मी बाकावरून ओरडले असते. तिला तसं कुणी शिकवलंच नव्हतं. मोकळी असलीस की मार, चुकला तरी पुढचाही मार, हेच तिच्या हातात बसलेलं.

हे कुणी बसवलं? टॉम होवास नावाच्या अमेरिकन माणसानं. तरुणपणी तो जपानमध्येच एका कंपनीच्या संघातून खेळला, तिथलाच झाला, टाइम-आउटला मुलींशी जपानीत बोलायचा. 2017 ला प्रशिक्षक झाल्या झाल्या त्यानं जाहीर केलं की टोकियोत फायनलला अमेरिकेशी खेळू आणि जिंकू. त्याच्या आदल्याच वर्षी रिओत याच अमेरिकेनं क्वार्टरफायनलला जपानला 110–64 धुतलं होतं, शेहेचाळीस गुणांनी! मी ते ऐकलं असतं तर म्हटलं असतं, बोलायला काय लागतं.

पण सगळं श्रेय त्याला देऊ नकोस. वर्तमानपत्रं तसं करतात, कारण एका माणसाचा फोटो छापायला सोपा. टोकियोच्या आधीच जपाननं 2013 पासून ओळीनं चार वेळा आशिया कप जिंकलेला होता, आणि 2013 चा तो पहिला विजय 43 वर्षांनी आला होता. त्याच्याही मागे गेलीस तर 1976. महिलांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते माँट्रियलला, तेव्हा याच जपाननं अमेरिकेला 84–71 हरवलेलं. आणि मग? पुढची वीस वर्षं ऑलिम्पिकचं तोंड दिसलं नाही. या काळात तिथल्या मुलींनी चेंडू सोडला नाही याचं कारण पगार. तिथे कंपन्यांचे संघ असतात, त्यांची आपसात लीग चालते. तेलाच्या कंपनीचा एनिओस हा संघ ओळीनं अकरा वेळा ती लीग जिंकला. रोज सरावाला जागा, बरोबरीच्या दहा जणी, घरी पाठवायला पैसे. राष्ट्रीय संघ असाच तयार होतो, बारा जणींच्या मागे शंभर जणी पोटापाण्यासह खेळत असल्या म्हणजे.

हे वाचून तुझ्या डोक्यात काही वाजलं का? भुसावळला राहून वाजायला हवं, इथे घरटी एक माणूस रेल्वेत. आपल्या देशात महिला बास्केटबॉलला ज्यांनी नोकऱ्या देऊन जगवलं त्यात रेल्वे पहिली. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ काय करतो ते बघ. केरळात वीज मंडळानं हेच केलं. तुझे वडील विचारतात ना, "बॉल आपटून काय मिळणार?" त्यांना ऑलिम्पिक सांगू नको. स्पोर्ट्स कोटा सांग. केळीला भाव मिळेल की नाही हे यावल-रावेरच्या शेतकऱ्याला कधीच ठाऊक नसतं, नोकरी हा शब्द त्यांना बरोबर कळेल.

आणि आपलंही थोडं. 2017 ला बेंगळुरूत भारताच्या मुलींनी आशिया कपच्या ब गटाची फायनल कझाकस्तानशी 75–73 अशी जिंकली आणि वरच्या गटात गेल्या. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. वरच्या गटात पुढे टिकता आलं नाही, 2021 ला परत खाली. दोन गुणांनी वर जाता येतं, पण वर राहायला मागे जे लागतं ते आपल्याकडे अजून पातळ आहे. म्हणून मी तुला देशासाठी खेळ असलं काही लिहीत नाही. आधी जिल्ह्यातल्या एकीला तरी तुझा पास झेलता येऊ दे.

आता तुझं काम. थ्रीच्या रेषेवर उद्याच जाऊ नकोस. तू लांबून मारायला गेलीस की चेंडू कमरेपासून भिरकावतेस, मी पाहिलंय. रिंगपासून चार पावलांवर उभी राहा. कोपर रिंगकडे, जोर गुडघ्यांतून, हात शेवटी. तिथे दहातले सात पडायला लागले की एक पाऊल मागे. यात दोन महिने जातील, जाऊ दे. रोज शंभर पडले पाहिजेत. मारलेले मोजायचे नाहीत, पडलेले मोजायचे, आणि वहीत लिहायचे. वहीत खोटं लिहिलंस तर मला कळणार नाही, पण रिंगला कळेल.

मग पाय. तू सातवीपासून खो-खो खेळलीस, याची तुला लाज वाटते असं दिसतं. अगं, खुंटापाशी वळताना तू जशी खाली बसून दिशा बदलतेस, तसं वळायला बास्केटबॉलच्या मुलींना वर्षं लागतात. समोरची गार्ड चेंडू घेऊन निघाली की तिच्या छातीसमोर तशीच सरकत राहा, पूर्ण कोर्टभर, ती दमेपर्यंत. जपानच्या मुली शेवटच्या क्वार्टरला पहिल्यासारख्याच पळत होत्या, समोरच्या नाही. दम मात्र इथे पहाटेच कमवायचा. आपलं ऊन 45 ला जातं, एप्रिल-मेमध्ये आठनंतर ग्राउंडवर दिसलीस तर मी आईला सांगेन.

गुडघ्यांचं मी आज जरा जास्त लिहिते, कारण आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही. जपानची सगळ्यात उंच आणि नावाजलेली खेळाडू रामू तोकाशिकी, 190 सेंटिमीटरच्या वर. गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि घरचं ऑलिम्पिक तिला बाहेरून बघावं लागलं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. आपलं ग्राउंड सिमेंटचं, तुझ्या बुटाचा सोल सपाट झालाय. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू देऊ नकोस, दोन्ही पायांवर, मांड्या वाकवून, आवाज न करता उतर. रोज तीस उड्या फक्त उतरण्यासाठी मार. आणि आधी बूट घे. पावडरीचे पैसे वाचलेत ना, त्यात थोडे घालून येतील. पाळी अनियमित झाली किंवा चक्कर आली तर लाजून गप्प बसू नकोस, मला सांग, डॉक्टरकडे जाऊ. खाण्याचं वेगळं काही नाही. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, डाळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, आणि केळीच्या बागेत राहून केळं खायचा कंटाळा करू नकोस.

अजून एक, म्हणजे तुला माझं बोलणं गोडगोड वाटायला नको. पॅरिसला 2024 मध्ये हाच जपानी संघ तिन्ही सामने हरला. माचिदा होती, हायाशी होती, थ्री होते. तीन वर्षांत सगळ्यांनी त्यांचा खेळ पाहून ठेवलेला, मोकळा शॉट आता कुणी देत नव्हतं. त्याआधी 2023 ला आशिया कपही चीननं दोन गुणांनी काढून घेतला होता. तुझंही तेच होईल. तू बाहेरून मारतेस हे जिल्ह्यात एकदा कळलं की तुझ्यावर कुणीतरी चिकटून उभी राहील. तेव्हा काय करायचं ते मी आत्ता सांगणार नाही. आधी चिकटण्याजोगी हो.

निवडीत पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहा. पुन्हा उंची मोजतील. मोजू दे. मोजून झाल्यावर चेंडू हातात देतातच.

रविवारी साडेसहाला ग्राउंडवर ये. वही आण, चेंडू माझ्याकडे सहा नंबरचा आहे, तू शाळेतला सात नंबरचा घेऊन मारतेस तो आता बंद. बरोबर तुझ्या गल्लीतली ती खो-खोची लहानी असेल तर तिलाही आण, पास झेलायला कुणीतरी लागेल. आणि आईला म्हणावं, बामणोदची वांगी निघाली असतील तर दोन किलो पाठव. भरीत मी करते, मिरच्या तू कुटशील.

तुझ्या मॅडम