शिडाच्या होडीला वाट कोणी द्यायची?

प्रश्न : आम्ही मुंबई बंदरात हौसेने शिडाची होडी चालवतो. इंजिनाच्या जहाजाने आम्हांला वाट द्यायची असते, हे खरे आहे काय?

उत्तर : खरे, परंतु अर्धेच. नौकांची टक्कर टाळण्यासाठी केलेल्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तशी सर्वसाधारण तरतूद आहे. तथापि अरुंद जलमार्गात, केवळ त्याच मार्गातून सुरक्षितपणे जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या होडीने किंवा २० मीटरांहून कमी लांबीच्या नौकेने अडथळा करू नये, असे नववा नियम बजावतो. अवजड मालवाहू जहाज चटकन थांबत वा वळत नाही, हे पाहता ते रास्तच आहे. मागून पुढे जाणाऱ्याने, शिडावर असला तरी, स्वतःच दूर राहावे. शिवाय इंजिन वापरू लागताच, शीड उभारलेले असूनही, तुमची होडी यांत्रिक नौका ठरते.