मोजक्यांशी मैत्री आणि सर्वांवर प्रीती

प्रश्न : शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, शत्रूंवरही प्रीती करावी, अशी प्रभू येशूची आज्ञा आहे. मग दोन-तीन व्यक्तींशीच घनिष्ठ मैत्री ठेवणे हा पक्षपात ठरत नाही काय? शिवाय माझी सर्वांत जुनी मैत्रीण विश्वासात नाही. जगाची मैत्री म्हणजे देवाशी वैर, हे याकोबाच्या पत्रातील वचन दाखवून मंडळीतील काही जण मला तिच्यापासून दूर राहण्यास सांगतात. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर शोधताना प्रभू येशूच्याच वागण्याकडे पाहावे. त्याने बारा प्रेषित निवडले आणि त्यांतूनही पेत्र, याकोब व योहान या तिघांनाच रूपांतराच्या वेळी, म्हणजे त्याचे रूप तेजस्वी झाले तेव्हा, डोंगरावर आणि पुढे गेथशेमाने बागेत, जिवाची तगमग होत असताना, जवळ घेतले. मार्था, मरीया आणि लाजर यांच्यावर त्याची प्रीती होती, अशी नोंद योहानाच्या शुभवर्तमानात मुद्दाम केलेली आहे. ज्याने सर्वांसाठी प्राण दिला त्यालाही विशेष जवळची माणसे होती. तेव्हा जवळीक हाच दोष मानण्याचे कारण नाही.

दोष शिरतो तो मित्राला देवाच्या जागी बसवले म्हणजे. प्राचीन मंडळीचे बिशप व लेखक संत ऑगस्टीन यांचा तारुण्यातील जिवलग मित्र अकाली वारला, तेव्हा त्यांना आपले गावही नकोसे झाले. पुढे ‘आत्मनिवेदन’ (कन्फेशन्स) या आपल्या ग्रंथात या दुःखाची चिकित्सा करताना, मर्त्य माणसावर आपण तो कधी मरणारच नाही अशा रीतीने प्रेम केले, असे ते लिहितात. आणि जो देवावर, देवाच्या ठायी मित्रावर व देवाकरिता शत्रूवर प्रीती करतो तो धन्य, असे म्हणतात. आपल्याला परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही गोष्टी या एकाच विधानात सामावल्या आहेत, आणि मला हे उत्तर पुरेसे वाटते.

‘देवाच्या ठायी’ मैत्री म्हणजे नेमके काय, हे जुन्या करारातील योनाथानाकडून शिकावे. तो शौल राजाचा मुलगा, म्हणजे राज्याचा वारस. आणि दावीद त्याचा प्रतिस्पर्धी ठरायला हवा होता. तरीही शौल दावीदाच्या जिवावर उठला असताना योनाथान रानात त्याला गाठतो, देवावरील भरवशाने त्याला धीर देतो आणि ‘तू इस्राएलाचा राजा होशील’ असे स्वतःच्या तोंडाने सांगतो. ज्या भविष्यात आपला तोटा आहे, त्याच भविष्याकडे मित्राला हात धरून नेणे याहून कठीण मैत्री मला तरी पवित्र शास्त्रात दुसरी दिसत नाही, अर्थात एक अपवाद सोडून. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, पित्याकडून ऐकलेले सर्व त्यांना कळवल्याचे सांगतो. आणि तेही त्याच रात्री हेच मित्र त्याला सोडून पळणार हे ठाऊक असताना.

आता याकोबाच्या वचनाविषयी. ते सांगणाऱ्यांना चौथा अध्याय पहिल्या वचनापासून वाचण्याची विनंती करावी. तेथे विषय आहे तो मंडळीतील भांडणे, हाव आणि चैनीसाठी मागितलेले मागणे यांचा. ‘जग’ म्हणजे ही वृत्ती, आणि ती विश्वासणाऱ्यांमध्येही असू शकते, नव्हे, याकोब त्यांनाच उद्देशून बोलत आहे. विश्वासाबाहेरच्या व्यक्तीशी बोलू-बसू नये, असा अर्थ घ्यायचा तर जकातदारांचा व पापी लोकांचा मित्र म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्या प्रभूचे काय करायचे?

कुसंगतीने नीती बिघडते, हा पौलाचा इशारा मात्र खरा आहे, आणि तो बाजूला सारू नये. मैत्रिणीच्या सहवासात आपल्याला खोटे बोलावे लागते का, प्रार्थना टाळावीशी वाटते का, हे आपण स्वतःच तपासावे; तसे असेल तर तिच्याशी स्पष्ट बोलावे, कारण मित्राने केलेले घायही विश्वासाचे असतात, असे नीतिसूत्रे सांगतात. तसे नसेल तर ही मैत्री तोडण्याचे काहीच कारण नाही. तिच्यासाठी प्रार्थना अवश्य करावी. पण तिने विश्वास ठेवावा ही मैत्रीची अट करू नये आणि तिला तसे जाणवूही देऊ नये.