बालेकिल्ला कशाला म्हणावे?

प्रश्न असा आहे: ‘निवडणूक आली की बातम्यांत रोज कुणाचा तरी बालेकिल्ला असतो. यातल्या ‘बाले’चा बालकाशी काही संबंध आहे का? गड आणि बालेकिल्ला एकच का? आणि दक्षिण मुंबईला कुणी काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणतं, कुणी शिवसेनेचा. मग खरा कुणाचा?’

बालकाशी काहीही संबंध नाही. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, वरचा. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्यातला सगळ्यात वरचा भाग. गोवळकोंड्याच्या माथ्यावर बाला हिसार आहे, तिथलं बाला हेच. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. वऱ्हाडात त्याची जोडी पायनघाटाशी, म्हणजे घाटाखालच्या मुलखाशी. हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे. ‘मला न विचारता बालाबाला ठरवून टाकलं’ असं म्हणताना आपण तोच फारसी ‘बाला’ वापरतो: वरच्या वर, परस्पर.

लिहिताना हा एकच शब्द आहे, ‘बाले किल्ला’ असा तोडू नये. विभक्ती लागली की बालेकिल्ल्यात, बालेकिल्ल्याला. ‘बालेकिल्यात’ असा एक ल गाळलेला शब्द सर्रास दिसतो, तो चूक. मूळ शब्दात ल्ल आहे, त्याला य जोडला की ल्ल्य होतो.

आता गड आणि बालेकिल्ला. हे दोन शब्द समानार्थी नाहीत आणि बातम्यांमधला घोळ इथूनच सुरू होतो. बालेकिल्ला हा गडाच्या आतला भाग आहे. राजगड डोळ्यांसमोर आणा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे माथ्याखालच्या तटबंदी केलेल्या सपाट्या, तीन दिशांना पसरल्या आहेत आणि मधोमध कातळाचा उंच सुळका. त्यावर बालेकिल्ला. वर जायला खडी चढण, कातळात खोदलेल्या पायऱ्या, मग महादरवाजा. दरवाजातून आत गेलं की थोड्याच अंतरावर चंद्रतळं. हे तळं महत्त्वाचं, कारण भिंत कितीही उंच असली तरी वर पाणी नसेल तर बालेकिल्ला लढू शकत नाही. रचनेमागचा विचार सरळ आहे: माची पडली तरी माणसं वर जातील, दरवाजा लावून घेतील आणि लढत राहतील.

पुरंदरावर १६६५ साली हेच घडलं. दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग पुरंदरची माची. मुरारबाजी देशपांडे पडले. उरलेले लोक बालेकिल्ल्यात गेले आणि लढाई चालू राहिली. म्हणजे बाकीचं सगळं गेल्यावरही जे उभं राहतं ते बालेकिल्ला. शब्दाचा अर्थ फक्त ‘भक्कम जागा’ एवढा घेतला तर हा ‘बाकीचं गेल्यावरही’ निसटतो, आणि निवडणुकीसाठी नेमका तोच कामाचा आहे.

म्हणून एखाद्या मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणण्याआधी पक्षाच्या विजयांची मोजणी करत बसू नये. लाटेत सगळेच जिंकतात. पक्षाचं सर्वांत वाईट वर्ष काढावं आणि त्या वर्षी तिथे काय झालं ते बघावं.

तुमची दक्षिण मुंबई या कसोटीला लावू. १९६७ला जॉर्ज फर्नांडिस यांनी इथे स. का. पाटलांना हरवलं. मुंबई काँग्रेसवर ज्यांची इतकी वर्षं पकड होती, त्यांनाच. १९७७ला काँग्रेसने मुंबईतल्या सहाही जागा गमावल्या. दक्षिण मुंबईत जनता पक्षाचे रतनसिंह राजदा निवडून आले. १९८०ला इंदिरा गांधी देशभर परत आल्या, तरी राजदा टिकले आणि मुंबईतल्या सहांपैकी पाच जागा जनता पक्षाकडेच राहिल्या. पुढे काँग्रेसचे मुरली देवरा १९८४, १९८९ आणि १९९१ला जिंकले. १९९६ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९८ला पुन्हा देवरा, १९९९ला पुन्हा मेहता. २००४ आणि २००९ला मिलिंद देवरा. २०१४पासून शिवसेनेचे अरविंद सावंत. काँग्रेस इथे पुष्कळदा जिंकली, पण वाईट वर्षात जवळजवळ दर वेळी पडली. याला फार तर काँग्रेसची माची म्हणता येईल. बालेकिल्ला हा शब्द इथे बसत नाही.

धारावी मात्र बसते. २०१४च्या विधानसभेला सगळे मोठे पक्ष स्वतंत्र लढले आणि मुंबईत काँग्रेसच्या हाती जेमतेम पाच जागा लागल्या. त्यांत धारावी होती. १९९५ला ती शिवसेनेकडे गेली होती, हा अपवाद सांगायलाच हवा. दुसऱ्या बाजूला मलबार हिल: १९९५पासून सलग भाजपकडे, राज्यात पक्ष पंधरा वर्षं विरोधात असतानाही.

ताजं उदाहरण २०२४चं. विधानसभेला महाविकास आघाडीचं राज्यभर पानिपत झालं. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला २८८पैकी २० जागा मिळाल्या. त्या २०पैकी १० मुंबईत, आणि त्यांत वरळी, शिवडी, भायखळा, माहीम. नकाशावर बोट ठेवलं तर चारही एकमेकांना लागून आहेत. राजगडाचं चित्र इथे तंतोतंत दिसतं: माच्या गेल्या, मधला सुळका उरला.

तो सुळका मात्र एकाच पक्षाचा कधीच नव्हता. लालबाग-परळ हा आधी कम्युनिस्टांचा बालेकिल्ला. १९२८ला स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन, चाळीचाळींतल्या समित्या, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा, हे त्याचं चंद्रतळं. १९७० साली परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १९७०ला पडलं ते खिंडार. बालेकिल्ला त्याच दिवशी गेला असं लिहिणं घाईचं ठरेल. पाणी आटलं ते जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर आणि नंतर गिरण्या बंद पडत गेल्यावर. १९८४च्या डिसेंबरात काँग्रेसने देशात चारशेहून जास्त जागा जिंकल्या, त्या लाटेतही दक्षिण मध्य मुंबईतून संपाचे नेते दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. लाट परतवली, पण एकदाच. १९८९ला जागा शिवसेनेकडे गेली आणि १९९१ ते २००४ मोहन रावले सलग पाच वेळा जिंकले. त्याच चाळी, तेच रहिवासी, फक्त युनियनच्या कचेरीची जागा शाखेने घेतली.

इथे एक सापळा आहे. निकालांच्या तक्त्यात ‘दक्षिण मध्य मुंबई’ हे नाव आजही दिसतं, पण ते रावलेंचं दक्षिण मध्य नव्हे. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शिवडी, वरळी, भायखळा हे दक्षिण मुंबईत गेले आणि दक्षिण मध्यमध्ये धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगर, सायन-कोळीवाडा, वडाळा, माहीम आले. नुसतं नाव पाहून २००४ आणि २००९ची तुलना केली तर ‘शिवसेनेचा बालेकिल्ला एका निवडणुकीत काँग्रेसने सर केला’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा आहे. २००९ला रावले नव्या दक्षिण मुंबईतून लढले आणि तिसरे आले, कारण मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे होते. दोघांच्या मतांची बेरीज विजयी मिलिंद देवरांपेक्षा जास्त होती. मतदार फारसा हलला नव्हता, घर फुटलं होतं. म्हणून विजेत्याच्या नावाबरोबर मतांची टक्केवारी, दुसरा-तिसरा उमेदवार आणि त्या वर्षीची युती-आघाडी एवढं लिहून घेतल्याशिवाय ‘ढासळला’ हे क्रियापद वापरू नये.

शक्य असेल तर आणखी एक पायरी खाली उतरा. निवडणूक अधिकारी मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म २०मध्ये देतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. एकाच मतदारसंघाचे दोन फॉर्म घ्या, एक पक्षाच्या चांगल्या वर्षाचा, एक वाईट वर्षाचा. पण केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत बदलतात, त्यामुळे क्रमांकाला क्रमांक न जुळवता शाळेचं किंवा इमारतीचं नाव आणि मतदारयादीतला रस्ता जुळवावा. वाईट वर्षीही ज्या केंद्रांवर पक्ष पुढे राहतो, ती चार-दोन चाळींची, एखाद्या वसाहतीची केंद्रं म्हणजे खरा बालेकिल्ला. मग शब्द आपोआप मूळ अर्थावर येतो: मतदारसंघ हा गड, आणि त्याच्या पोटातली ती केंद्रं हा बालेकिल्ला. माझ्या मते लिहितानाही हाच भेद पाळावा. महापालिकेच्या प्रभागाला तर सहजी बालेकिल्ला म्हणूच नये. हद्दी बदलतात आणि आरक्षणाची सोडत निघाली की कालचा नगरसेवक शेजारच्या प्रभागात उमेदवारी शोधत असतो.

आणखी एक जागा जिथे हा शब्द चुकतो: वडाळा. कालिदास कोळंबकर १९९०पासून निवडून येत आहेत, आधी नायगाव आणि पुनर्रचनेनंतर वडाळा; आधी शिवसेनेतून, मग काँग्रेसमधून, मग भाजपमधून. तीन पक्षांनी आपापल्या काळात याला आपला बालेकिल्ला म्हटलं असेल, पण पक्ष बदलला तरी मतं माणसामागे गेली. यासाठी मराठीत वेगळा शब्द तयार आहे: गढी. देशमुखाची, पाटलाची तटबंदीची राहती जागा. वर सत्ता कुणाचीही असो, गढी घराण्याची. ‘कोळंबकरांची गढी’ म्हटलं की वाचकाला एका शब्दात नेमकं कळतं.

क्रियापदांबद्दल थोडं. सुरुंग आणि खिंडार एकच समजून वापरतात. सुरुंग बुरुजाखाली गुपचूप खणायचा, दारू ठासायची. म्हणजे कार्यकर्ते फोडणं, वर्ष-वर्ष आधीची तयारी. खिंडार म्हणजे उडाल्यावर तटाला पडलेलं भगदाड, सगळ्यांना दिसणारं. उमेदवारी जाहीर होण्याआधी ‘खिंडार पडले’ लिहिणं म्हणून घाईचं. ‘सर केला’, ‘राखला’ ही चोख क्रियापदं. ‘हिसकावला’ किल्ल्याला शोभत नाही. हिसकावतात ती हातातली वस्तू.

आणि एक क्रियापद जवळजवळ कुणी वापरत नाही, ते वापरावं. पुरंदरचा बालेकिल्ला लढाईत पडला नव्हता. जून १६६५च्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, त्यांत तो गेला. आजचा तह म्हणजे जागावाटप. सांगली लोकसभा १९६२पासून २००९पर्यंत सलग काँग्रेसकडे, १९७७च्या पडझडीतही. २०१४ला ती भाजपकडे गेली. २०२४ला आघाडीच्या वाटपात जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली आणि वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले. त्या वाटपाच्या दिवशीच्या बातमीत ‘काँग्रेसचा बालेकिल्ला ढासळला’ बसत नाही, ‘पडला’ही नाही. तिथे शब्द हवा ‘सोडला’.